खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान होते. त्यांनी खाशाबांना पाचव्या वर्षीच लाल मातीत उतरवले.

कुस्तीच्या जागेला मराठीत तालीम म्हणतात. आपण उर्दूत शिक्षणाला तालीम म्हणतो. आपला उस्ताद तालमीत वस्ताद होतो. शब्द तेच, फक्त तेथे पाटीऐवजी शरीर असते.

खाशाबा उंचीने बेताचे आणि अंगाने सडपातळ होते. मग त्यांच्यात बळ कोठून आले? आपल्या हाडांना सहाशेहून अधिक स्नायू जोडलेले आहेत. प्रत्येक स्नायू म्हणजे बारीक तंतूंची जुडी. तंतूच्या आत अॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे असतात. ते एकमेकांवरून सरकले की स्नायू आखडतो आणि हाडाला ओढतो. स्नायूला ढकलता येत नाही, फक्त ओढता येते. म्हणून ते जोडीने काम करतात. दंडाचा पुढचा स्नायू आखडला की कोपर वाकते, मागचा आखडला की हात सरळ होतो. व्यायामाने हे तंतू जाड होतात. मेंदूचा हुकूमही त्यांच्यापर्यंत अधिक चांगला पोहोचू लागतो. खाशाबांची खरी ताकद याच चपळाईत होती.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत खेळलेल्या या मुलाला तेथे गादीवर खेळावे लागले. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला मात्र पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तीही पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. नंतर जपानच्या इशी यांच्याशी लांबलेली झुंज झाली. ती ते हरले. लगेच सोव्हिएत संघाचा मल्ल समोर उभा केला गेला. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांच्या बाजूने तक्रार करायला तेथे भारतीय अधिकारीच नव्हता.

अंबरनाथ स्टेशनचा पूल धावत चढून पाहा. मांड्या भरून येतात ना? जोराच्या कामात स्नायूंना प्राणवायू कमी पडतो. साठवलेली ऊर्जा संपत जाते, टाकाऊ पदार्थ साचतात आणि तंतू नीट आखडत नाहीत. थोडा वेळ थांबले की रक्त पुन्हा प्राणवायू आणून देते. तोच वेळ खाशाबांना मिळाला नाही. ते ही कुस्ती हरले आणि कांस्यपदक हाती आले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याने जिंकलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते.

गावी परतल्यावर बैलगाड्यांची लांबच लांब मिरवणूक निघाली. पण खाशाबांच्या डोक्यात प्राचार्यांचे गहाण घर होते. त्यांनी कुस्त्यांचे सामने भरवले, त्यांत स्वतः लढले आणि ते घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून दाखल झाले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.