चांदीचा कस

दुकानातील किलोचे वजनच झिजलेले असेल, तर तराजू कितीही चोख असला तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला माल कमीच मिळणार. रसायनशास्त्रातील असेच एक सदोष वजन थिओडोर विल्यम रिचर्ड्‌स यांनी शोधून काढले.

रिचर्ड्‌स यांचा जन्म १८६८ साली अमेरिकेतील जर्मनटाऊन येथे झाला. वडील चित्रकार, आई कवयित्री. आईनेच त्यांना घरी शिकविले. ते सहा वर्षांचे असताना प्राध्यापक कुक यांनी त्यांना दुर्बिणीतून शनीची कडी दाखविली. पुढे याच कुकांपाशी, हार्वर्ड विद्यापीठात, ते अणुभार मोजण्यास शिकले. एका मूलद्रव्याचा अणू दुसऱ्याच्या मानाने किती जड, हे सांगणारा आकडा म्हणजे अणुभार. विसाव्या वर्षीच त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली.

त्या काळी अनेक मूलद्रव्यांचे अणुभार शुद्ध चांदीशी तुलना करून ठरवीत. बेल्जियमचे थोर रसायनज्ञ स्तास यांनी केलेली मापने जगभर प्रमाण मानली जात. रिचर्ड्‌सही त्यांवरच विसंबून होते. परंतु १९०४ च्या सुमारास त्यांना आकड्यांत बारीक विसंगती आढळली. ती इतकी अल्प होती, की दुसऱ्या एखाद्याने तिकडे काणाडोळा केला असता! शिवाय दोष चांदीतच निघाला, तर रिचर्ड्‌स यांचे स्वतःचे जुने आकडेही बदलावे लागणार होते.

तरीही त्यांनी ते काम हाती घेतले. चुन्याच्या पात्रात, हायड्रोजन वायूच्या सान्निध्यात त्यांनी चांदी वितळविली. पदार्थाला दमट हवेचा स्पर्शही न होता तो कुपीत बंद व्हावा, अशी युक्ती त्यांनी योजिली होती. द्रवात उरलेला पुसट गढूळपणा मापण्यासाठी त्यांनी एक उपकरणही बनविले होते. अखेर उलगडा झाला : स्तास यांच्या चांदीत प्राणवायूचा अंश दडून राहिला होता! चांदीचा अणुभार १०७.९३ मानीत, तो १०७.८८ ठरला आणि त्याबरोबर इतर कित्येक आकडे बदलले.

१९१४ चे नोबेल पारितोषिक रिचर्ड्‌स यांना मिळाले. त्याच सुमारास त्यांनी शिसे तपासले. साध्या शिशाचा अणुभार सुमारे २०७.२ होता, नॉर्वेतील एका किरणोत्सारी खनिजातील शिशाचा मात्र २०६.१ च्या जवळ भरला. दोन्ही शिसी शुद्धच होती!

१९२८ साली रिचर्ड्‌स यांचे निधन झाले. आज चांदीचा अणुभार १०७.८६८ मानतात.