एक्स्प्लेनर : मुंबईतला प्लेग सर्वात आधी ओळखणारे डॉ. व्हिएगस कोण होते?

भुईगावहून वसई रोड गाठायचं, चर्चगेट लोकल पकडायची आणि मरीन लाइन्सला उतरून मेट्रो सिनेमाकडे चालायचं. धोबीतलावच्या गर्दीत एका डॉक्टरांचा पुतळा दिसतो. तो डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांचा. कोरोनात नवा व्हेरिएंट आधी कोण पकडतं, याची चर्चा घरोघरी झाली. १८९६ मध्ये मुंबईत हे काम खासगी दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टराने केलं होतं.

व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ चा, गोव्यातल्या हडफड्याचा. १८८० मध्ये ते मुंबईत डॉक्टर झाले, १८८८ मध्ये महापालिकेवर निवडून आले. दवाखाना मांडवीत. गोदीला लागून असलेला हा भाग म्हणजे धान्याची गोदामं, दाटीवाटीच्या चाळी आणि भरपूर उंदीर.

त्या सप्टेंबरमध्ये तिथे तापाने माणसं दगावू लागली. काखेत किंवा जांघेत गाठ यायची आणि काही दिवसांत रुग्ण जायचा. २३ सप्टेंबरला व्हिएगस यांनी निदान केलं : गाठीचा प्लेग.

हे बोलणं सोपं नव्हतं. बंदराच्या शहरात प्लेग आहे म्हटलं की जहाजं अडणार, व्यापार बसणार. सरकारने तज्ज्ञांकडून खातरजमा करून घेतली. निदान बरोबर निघालं.

जुळवून पाहायला संदर्भ मात्र तयार होता. अलेक्झांडर यर्सिन यांनी दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जिवाणू वेगळा केला होता. जिनोम सिक्वेन्सिंगचं तत्त्वही असंच, फक्त तुलना कितीतरी बारीक. कोरोना विषाणूची सुमारे ३० हजार अक्षरं वाचायची, आधीच्या नमुन्यांशी ताडायची आणि काय बदललं ते शोधायचं. डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या प्रयोगशाळांचं ‘इन्साकॉग’ हे जाळं याचसाठी उभं राहिलं. पुण्याची एनआयव्ही त्यात आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुरुवातीला वाढलेला बी.१.६१७ हा प्रकार अशाच तपासणीतून समोर आला. त्याच्या एका शाखेला पुढे डेल्टा नाव मिळालं.

निदान लवकर झालं म्हणून साथ थांबली का? नाही. शहर सोडून लाखो लोक पळाले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, घरझडत्या सुरू झाल्या, लोक चिडले. १० मार्चला रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. आजार ओळखणं एक आणि लोकांना सोबत घेणं दुसरं. प्रशासन दुसऱ्यात नापास झालं.

व्हिएगस मात्र वस्त्यांत फिरत राहिले. सफाई, उंदीर मारण्याची मोहीम आणि हाफकिन यांची लस. सुमारे १८ हजार जणांना त्यांनी स्वतः ती टोचल्याची नोंद आहे. १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये त्यांचं निधन झालं. काळबादेवीत त्यांच्या नावाचा रस्ताही आहे.