कमला सोहोनी

कमला सोहोनी (माहेरच्या कमला भागवत, जन्म : १८ जून, १९११, इंदूर, मृत्यू : १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञानशाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्या ओळखल्या जातात. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

शिक्षण

मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. वडील नारायणराव व चुलते माधवराव याच संस्थेत शिकलेले होते. स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी नकार दिला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. ही अट अपमानास्पद होती, हे त्या पुढेही विसरल्या नाहीत. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. तेथील जीवरसायन विभाग फ्रेडरिक हॉपकिन्स यांचा. ग्लुटाथायोन हे दोन अमिनो आम्लांचे द्विपेप्टाइड आहे, असे हॉपकिन्स यांनी १९२१ साली मांडले होते. त्यात ग्लायसीन हे तिसरेही आम्ल असल्याचे त्यांनीच १९२९ साली मान्य केले. अशा विभागात कमलाबाईंनी बटाट्यातील सायटोक्रोम सी शोधून १९३९ साली पीएच.डी. मिळवली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता.

संशोधन

त्यांचा मुख्य विषय गरिबाच्या ताटातील प्रथिने हा होता. एका अमिनो आम्लाचा कार्बॉक्सिल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाशी जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो व पेप्टाइड बंध तयार होतो. असा एकच बंध असलेला रेणू म्हणजे द्विपेप्टाइड. शेकडो बंधांची साखळी म्हणजे प्रथिन. हा बंध नुसत्या पाण्यात सहजी तुटत नाही. पचनात तो तोडण्याचे काम ट्रिप्सिनसारखी विकरे करतात, आणि साखळीचे तुकडे होत होत द्विपेप्टाइडे व सुटी अमिनो आम्ले उरतात. वालासारख्या कडधान्यांत मात्र ट्रिप्सिनलाच अडवणारी प्रथिने असतात. मुंबईच्या विज्ञान संस्थेत सोहोनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या रोधकांचा अभ्यास केला. कडधान्य शिजवल्याने हे रोधक बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात.

ताडाच्या नीरेच्या पोषणमूल्यावरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. हे पद त्यांना बऱ्याच विलंबाने मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत अन्नभेसळीविरुद्ध काम केले.

१९९८ साली नवी दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने योजलेल्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या व लवकरच त्यांचे निधन झाले.