हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर परांड्यातून निजामशाही चालवत होता, पण लेकीला गुलामाची पोर हे ऐकावंच लागलं

बार्शीवरून परांड्याला गेलं की गावाला लागूनच भुईकोट किल्ला दिसतो. खंदक, दुहेरी तटबंदी, बुरुजांवर पडून राहिलेल्या तोफा. धाराशिव जिल्ह्यातला किल्ला म्हटलं की बहुतेक जण नळदुर्गचं नाव घेतात, तिथल्या पाणीमहालाचे रील बघतात आणि परांडा विसरून जातात.

पण काही वर्षं हा परांडा एका सल्तनतीची राजधानी होता. आणि त्या सल्तनतीचा कारभार ज्याच्या हातात होता तो ना मराठा होता, ना मुघल, ना इराणी. तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला माणूस होता. त्याचं नाव मलिक अंबर.

त्याची गोष्ट सोशल मीडियावर साधारण एकाच चालीवर सांगितली जाते. गुलाम होता, पराक्रम केला, वजीर झाला, म्हणजे तेव्हाच्या दख्खनेत रंगभेद नव्हताच. यातलं पहिलं सगळं खरं आहे. शेवटचं तेवढं खरं नाही.

अंबरचा जन्म साधारण 1548 चा, इथिओपियातला. लहानपणीचं नाव चापू. पोरवयातच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या मोखा बंदरात त्याची विक्री झाली आणि पुढं तो बगदादला पोचला. तिथं मीर कासिम नावाच्या मालकानं त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला, मुसलमान केलं आणि अंबर हे नाव दिलं.

या नावाचीही गंमत आहे. गंमत कसली, वाईटच आहे ते. अंबर म्हणजे अत्तरात वापरतात तो काळसर सुगंधी पदार्थ. त्या काळी गुलामांना अशीच नावं मिळायची. कुणी याकूत म्हणजे माणिक, कुणी काफूर म्हणजे कापूर. आईबापानं ठेवलेलं नाव जायचं आणि दुकानातल्या मालाचं नाव चिकटायचं.

1570 च्या दशकाच्या सुरुवातीला अंबर दख्खनेत आला. त्याला विकत घेतलं चंगीझखानानं. मंगोल चंगीझखानाशी याचा संबंध नाही. हा अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या निजामशाहीचा पेशवा होता. आणि तो स्वतःच हबशी होता, कधीकाळी गुलामच होता. त्याच्या पदरी असे सुमारे हजार हबशी गुलाम होते.

एका हबश्यानं हजार हबशी विकत का घ्यावेत?

याचं उत्तर दख्खनच्या दरबारात आहे. तिथं दोन गट कायम एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे. एक इराण-तुराणातून आलेले आफाकी म्हणजे परदेशी. गोरे, फारसी बोलणारे, स्वतःला खानदानी समजणारे. दुसरे दख्खनी, म्हणजे इथंच रुजलेले मुसलमान. हबशी परदेशातून आलेले असूनही त्यांना आफाकींच्या पंक्तीत जागा नव्हती, ते दख्खनींच्या बाजूला मोजले जायचे. हे भांडण तोंडी नव्हतं. 1589 मध्ये अहमदनगरात आफाकींची कत्तलच झाली होती.

अशा ठिकाणी ज्याला गाव नाही, भाऊबंद नाहीत, मालकाशिवाय कुणीच नाही असा सैनिक सगळ्यात भरवशाचा. म्हणून गुलाम हवे असायचे. त्यांना शिक्षण मिळायचं, घोडा मिळायचा, हत्यार मिळायचं. मालक मेला की अनेकदा ते मोकळे व्हायचे आणि कर्तबगारी असेल तर सरदारही व्हायचे. अमेरिकेत कापसाच्या मळ्यात राबवलेल्या गुलामांची जी कहाणी आपल्याला माहिती असते, त्यापेक्षा हे वेगळं होतं.

तत्त्व म्हणून तर आणखी मोठी गोष्ट होती. इस्लाममध्ये वंशावरून माणूस लहानमोठा ठरत नाही. पहिली अजान देण्याचा मान ज्यांना मिळाला ते हजरत बिलाल मूळचे हबशी आणि एकेकाळचे गुलाम. हे दरबारातल्या प्रत्येकाला पाठ होतं. तरीही लाल समुद्रावरच्या बंदरांत हबशी पोरांचा बाजार भरतच होता. यात आपण फार नाकं मुरडायचं कारण नाही. याच धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका आणि मंगळवेढ्याचे चोखोबा एकाच विठ्ठलाचे भक्त, एकाच संतमेळ्यातले. तरी चोखोबांना देवळाच्या आत जाता आलं नाही आणि पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हायला साने गुरुजींचं 1947 चं उपोषण लागलं.

असो. अंबरकडं येऊ.

चंगीझखान 1574-75 च्या सुमाराला मेला. त्याच्या विधवेनं अंबरला मोकळं केलं. पुढची वीसेक वर्षं तो भाडोत्री शिपाई म्हणून फिरला. विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली, तिथं त्याला मलिक हा किताब मिळाला. 1595 च्या सुमाराला तो दीडशे घोडेस्वार घेऊन परत निजामशाहीत आला. वय सत्तेचाळीसच्या आसपास. आपल्याकडं या वयात लोक गुडघ्यांची तक्रार सुरू करतात, अंबरचं खरं करिअर इथून सुरू झालं.

त्या वेळी निजामशाहीचा जीव कंठाशी आला होता. अकबराच्या फौजा अहमदनगरावर धडका मारत होत्या. चांदबिबीनं पहिला वेढा परतवला, पण 1600 मध्ये तिच्याच लोकांनी तिला मारलं आणि अहमदनगर मुघलांच्या हाती गेलं. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला. कागदावर निजामशाही संपली होती.

अंबरनं मात्र मुघलांना आतला मुलूख सुखानं खाऊ दिला नाही. रसद तोडायची, छावणीवर रात्री झडप घालायची आणि पसार व्हायचं हा त्याचा धंदा. दीडशे स्वारांचे बघता बघता सात हजार झाले.

फौज होती, मुलूख होता. मग हा स्वतःच सुलतान का झाला नाही?

कारण गादीवर बसायला निजामशाही रक्त लागत होतं. माणूस कितीही कर्तबगार असो, विकत घेतलेल्या हबश्याला लोकांनी राजा म्हणून मुजरा केला नसता. बंगालमध्ये 15 व्या शतकाच्या शेवटी हबशी सुलतान झाले होते, पण ते काही वर्षांतच उडाले. अंबरनं तो नाद केला नाही. त्यानं विजापुरात राहणारा निजामशाही घराण्यातला विशीतला एक पोरगा शोधला, त्याला परांड्याला आणलं आणि मुर्तझा निजामशहा दुसरा म्हणून गादीवर बसवलं. आणि त्याच पोराला आपली मुलगी दिली.

ज्या घराण्याच्या पेशव्यानं बाजारातून आपल्याला विकत घेतलं, त्याच घराण्याचा तो आता सासरा झाला होता. परांडा नवी राजधानी झाली.

परांडा निवडण्याला कारण होतं. मुघलांनी घेतलेलं अहमदनगर इथून लांब, दक्षिणेला आदिलशाही जवळ. अडचण आली तर पाठीशी विजापूर आणि समोर मोकळं मैदान. पुढं विजापूरला गेलेली मलिक-ए-मैदान ही अवाढव्य तोफ तेव्हा याच परांड्याच्या किल्ल्यात होती.

पण परांड्याचे दिवस सोपे नव्हते. राजू दख्खनी नावाचा दुसरा सरदारही निजामशाहीचा वाली म्हणवून घेत होता. नांदेडजवळ 1602 मध्ये मुघलांशी झालेल्या लढाईत अंबर जखमी होऊन मरता मरता वाचला. ज्याला गादीवर बसवलं तो जावईच अधूनमधून त्याच्याविरुद्ध कट करत होता. शेवटी 1607 मध्ये अंबरनं राजूला पकडलं आणि राजधानी परांड्याहून जुन्नरला नेली. तिथून मग ती दौलताबादेला गेली.

आणि 1610 मध्ये ती घटना घडली.

पीटर व्हॅन डेन ब्रोक नावाचा डच व्यापारी काही वर्षांनी अंबरला प्रत्यक्ष भेटला होता. त्यानं लिहून ठेवलेली हकिकत अशी. मुर्तझाची थोरली बायको इराणी होती, गोरी. एक दिवस जनान्यात तिचं अंबरच्या मुलीशी वाजलं. तिनं अंबरच्या मुलीला हबशी रखेल म्हणून हिणवलं आणि तिच्या बापाचाही उद्धार केला. मुलीनं हे बापाच्या कानावर घातलं. अंबरनं सुलतान आणि ती राणी, दोघांनाही विष घालून मारलं आणि मुर्तझाच्या पाच वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं.

ही नुसती लेकीच्या अपमानाची सूडकथा आहे असं मानू नका. जावई डोईजड झालाच होता, त्यामुळं राजकारणाचाही हिशेब त्यात असणार. पण भांडणात ती इराणी बाई कुठलं हत्यार काढते ते बघा. समोरच्या मुलीच्या बापाकडं फौज आहे, खजिना आहे, राज्य त्याच्या शब्दावर चालतंय. ज्या गादीच्या जोरावर ही राणी म्हणवते ती गादीही त्याच्याच तलवारीवर टिकलीय. तरी सगळ्यात लागेल असं बोलायचं तर रंग आणि गुलामी. कारण हे दोन शब्द कर्तबगारीनं पुसले गेलेले नाहीत, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

आता अंबरची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही गोष्ट पोस्टरछाप होईल. ज्याला लहानपणी विकलं त्यानं मोठेपणी गुलामीची पद्धत मोडली का? नाही. इंग्रज प्रवासी विल्यम फिंच यानं त्याच्या फौजेचा अंदाज दिलाय. सुमारे 10,000 हबशी आणि 40,000 दख्खनी. या हबश्यांत विकत घेऊन आणलेले गुलाम होते. चंगीझखानानं अंबरच्या बाबतीत जे केलं तेच अंबरनं त्यांच्या बाबतीत केलं. त्यातला एखादा सरदार झाला असेल, पण बाकीच्यांची नावंसुद्धा आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

मराठ्यांसाठी मात्र या माणसाच्या काळात दारं उघडली. मुघलांसमोर मैदानात टिकाव लागायचा नाही, म्हणून हलक्या घोड्यांवरचे मराठे स्वार त्याला हवे होते. मालोजीराजे आणि पुढं शहाजीराजे याच निजामशाहीत वाढले. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशा एकत्र फौजा चालून आल्या. अंबरनं तिथल्या तलावाचं पाणी सोडून त्यांच्या छावणीत चिखल केला आणि त्यांचा धुव्वा उडवला. शहाजीराजे या लढाईत होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले.

शेतसाऱ्यातही त्यानं घडी बसवली. जमिनीचा मगदूर बघून सारा ठरवायचा आणि मक्तेदारांना मधून काढायचं. जुन्या मराठी कागदांत मलिकंबरी हा शब्द येतो तो यावरूनच. खडकी गाव वसवलं आणि जमिनीखालून नहर काढून त्याला पाणी दिलं. तेच पुढं औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर.

जहांगीर बादशहाला हा माणूस आयुष्यभर पुरून उरला. खडकी जाळली, तह केले, तरी हा काही महिन्यांत परत उभा. बादशहानं आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख कधी धड केला नाही, शिव्या दिल्या आणि त्यातही त्याच्या काळ्या तोंडाचा उद्धार केला. एवढ्यावर समाधान होईना तेव्हा 1616 च्या सुमाराला चित्रकार अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं. चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर लटकवलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. मुंडक्यापाशी घुबड. प्रत्यक्षात अंबर जिवंत, ठणठणीत होता आणि बादशहा त्याच्यासमोर रणांगणात कधी आलाच नाही. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

अंबर मे 1626 मध्ये गेला. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. तो गेल्यावर मुघलांचाच इतिहासकार मुतमदखान यानं त्याच्या युद्धकलेची आणि कारभाराची मनापासून तारीफ केली. एक हबशी गुलाम एवढा मोठा झाल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही, असा त्याचा सूर. पन्नासेक वर्षांपूर्वी मोकळा झालेला माणूस त्या तारीफेतही गुलामच राहिला.

मुलगा फत्तेखान बापाच्या जवळपासही नव्हता. त्यानं सुलतानाला मारलं आणि 1633 मध्ये दौलताबाद मुघलांना देऊन टाकलं. त्यानंतर शहाजीराजांनी पेमगिरीवर निजामशाही वंशातल्या एका पोराला गादीवर बसवून राज्य तगवायचा प्रयत्न केला. परांड्यात अंबरनं जे केलं होतं तेच. तो डाव 1636 पर्यंत चालला. परांडा आदिलशाहीकडं गेला आणि मलिक-ए-मैदान तोफ 1632 मध्ये विजापूरला ओढून नेली, ती आजही तिथल्या बुरुजावर आहे.

अंबरची कबर खुलताबादला आहे, घुमटाखाली. जवळच त्याची बायको करीमा हिची कबर. त्याच खुलताबादेत जहांगीरचा नातू औरंगजेबही पुरलेला आहे, उघड्या साध्या कबरीत. तिकडं गर्दी असते. अंबरच्या घुमटाकडं वाट विचारत जावं लागतं.