त्र्यंबक शंकर शेजवलकर

शेजवलकरांचा जन्म १८९५ साली कोकणात कशेळी येथे झाला. १९२९ ते १९३२ या काळात ‘प्रगति’ साप्ताहिकाचे संपादक असताना रूढ मते तपासून घेण्याची जी सवय त्यांस जडली, ती पुढे डेक्कन कॉलेजात इतिहाससंशोधन करतानाही सुटली नाही. १७६१ च्या पानिपतच्या पराभवाचा दोष सदाशिवरावभाऊंच्या माथी मारण्याची रीतच पडली होती. हरलेल्या सेनापतीची कैफियत ऐकतो कोण? शेजवलकरांनी ती ऐकली. उपासमारीने गांजलेली फौज गोल रचून दिल्लीच्या वाटेस लावावी, असा भाऊंचा बेत होता, हे त्यांनी आपल्या ग्रंथात साधार मांडले. १९६३ साली ते निवर्तले, तेव्हा शिवचरित्र लिहावयाचे राहूनच गेले होते. त्याची केवळ प्रस्तावना, आराखडा व साधने ‘श्री शिवछत्रपती’ या नावाने प्रसिद्ध झाली. १९६६ साली साहित्य अकादमीने त्याच ग्रंथास पारितोषिक दिले.