बाबासाहेबांनी बांधलेले घर

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे चरित्र आपल्या समाजातील लहानथोरांस तोंडपाठ आहे. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटना व धर्मांतर ह्यांवर ह्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी ना कोणी लिहीतच असते. परंतु त्यांनी स्वतःसाठी जागा कशी मिळवली, पैसा कसा उभा केला आणि घर कसे बांधले, हे सहसा कोणी विस्ताराने सांगत नाही. आपल्यापैकी पुष्कळ सभासद आज घराच्या कर्जाचे अर्ज भरण्यात गुंतलेले असल्यामुळे प्रस्तुत विषय मुद्दाम निवडला आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोली व सातारा असे करीत मुंबईस आले. तेथे परळच्या डबक चाळीत एका खोलीचे बिऱ्हाड होते. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत जाते, सरपण आणि शेळी! एल्फिन्स्टन हायस्कूलात शिकणाऱ्या मुलाने अभ्यास करावा तरी कोठे? म्हणून सुभेदार रात्री दोन वाजेपर्यंत स्वतः जागत, मुलाला निजू देत आणि सर्वत्र सामसूम झाली म्हणजे त्यास अभ्यासाला उठवीत. जागेची टंचाई म्हणजे काय, हे बाबासाहेबांस असे बालपणीच कळले होते.

आपल्या वाडवडिलांची घरे गावकुसाबाहेर होती. ज्यांस वतनाची जमीन होती त्यांस ती सरकारच्या परवानगीवाचून विकता येत नसे. जमीन पदरी असूनही तिच्या बळावर भांडवल उभे करता येत नसे, हे आजच्या तरुणांस सांगितले तर नवल वाटते. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागे हाही विचार होता. वतने कायद्याने नाहीशी झाली ती १९५८ च्या कायद्यानंतर. ते पाहण्यास बाबासाहेब राहिले नव्हते.

अमेरिकेत व इंग्लंडात शिक्षण घेऊन १९१७ मध्ये ते परत आले व शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्यांची पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते महायुद्धात बुडाले. सामानाच्या नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले, त्यांतूनच बडोद्यास जाण्याचा खर्च भागवावा लागला. तेथे एवढ्या मोठ्या विद्वानास राहावयास जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून त्यांनी मुक्काम केला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेल्या लोकांचा घोळका आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेला. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. संध्याकाळी कामाठी बागेत एका झाडाखाली बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस निघाले. ह्याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. पुढे १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला गेले, तेव्हा कोल्हापूरचे शाहू महाराज आणि नवल भथेना ह्यांनी त्यांस पैशाचे साहाय्य केले. नवल भथेना हे पारशीच होते.

मुंबईस त्यांचे बिऱ्हाड परळ-पोयबावडीच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. पन्नास व एक्कावन्न क्रमांकाच्या दोन खोल्या. एका खोलीत कुटुंब, दुसरीत पुस्तके आणि अभ्यास. डॉक्टर, बॅरिस्टर व पुढे कौन्सिलचे सभासद झाल्यावरही ते तेथेच राहत होते. माता रमाई ह्यांचा संसार ह्याच चाळीत काटकसरीने चालला. गंगाधर, रमेश, इंदू व राजरत्न ही चार अपत्ये त्यांनी लहानपणीच गमावली. राजरत्न गेला तो १९२६ मध्ये. एकटे यशवंतराव वाचले.

१९३० च्या सुमारास वकिलीत बरी प्राप्ती होऊ लागली होती आणि पुस्तके तर दोन खोल्यांत मावेनाशी झाली होती. तेव्हा बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत जागा घेतली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्याची वस्ती त्यानेच आखून वसविली. चाळीही ट्रस्टच्या आणि ही नवी वस्तीही ट्रस्टचीच. पण दोहोंतील अंतर फार मोठे होते. हिंदू कॉलनीत बहुतेक वस्ती पांढरपेशा उच्चवर्णीयांची होती. ज्यास तेरा वर्षांपूर्वी धर्मशाळेतून घालवून देण्यात आले, त्याने येथे भाड्याची खोली शोधली नाही. स्वतःच्या मालकीची इमारत उभारली. ह्यातील मर्म वाचकांच्या ध्यानात येईलच.

पैशाची व्यवस्था त्यांनी कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिणारा हा अर्थशास्त्रज्ञ होता. हिशेब न करता तो कर्जात उतरणारा नव्हता. वकिलीच्या मिळकतीस बँकेच्या कर्जाची जोड दिली. घराची आखणीही त्याच धोरणाने केली. सर्वांत वरचा मजला स्वतःसाठी व ग्रंथालयासाठी ठेवला आणि खाली भाड्याने देता येतील अशी स्वतंत्र बिऱ्हाडे काढली. कर्जाचे ओझे एकट्या वकिलीवर न पडता त्यातील काही भाग इमारतीने उचलावा, हा त्यातील हेतू. उत्पन्नासाठी त्यांनी आणखी एक इमारतही बांधली होती. तिच्याविषयी त्यांना मोह नव्हता. १९४१ मध्ये त्यांनी ती विकून टाकली. कर्ज व पुस्तकांची खरेदी ह्यांसाठी पैसा हवा होता. आपल्याकडे पुष्कळजण मिळकत राखण्यासाठी मुलांचे शिक्षण थांबवितात. शिक्षकी पेशात आयुष्य घालविल्यामुळे असली उदाहरणे मी फार पाहिली आहेत. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी मिळकत विकली.

बांधकामाचे दिवस म्हणजे त्यांच्या सार्वजनिक जीवनातील अत्यंत धामधुमीचे. १९३० ते १९३२ ह्या काळात तीन गोलमेज परिषदांसाठी त्यांस लंडनला जावे लागले. मध्येच सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला. ज्याने एक खोली वाढवून घेतली आहे, त्यास घरमालक दूर असताना गवंडी व सुतार कसे काम करतात हे ठाऊक असेलच! तरीही १९३३ पर्यंत इमारत उभी राहिली. तिला त्यांनी राजगृह हे नाव दिले. राजगृह ही मगधाची प्राचीन राजधानी. बिंबिसार राजा तेथला, आणि भगवान बुद्धांचे वास्तव्यही तेथे घडलेले. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आहे. घराचे नाव तिच्या आधीचे आहे, हे अभ्यासकांनी लक्षात घ्यावे.

१९३४ मध्ये चाळ सोडून कुटुंब राजगृहात राहावयास आले. रमाईंची प्रकृती तोवर पार खालावली होती. २७ मे १९३५ रोजी त्यांचे देहावसान झाले. दोन खोल्यांत वर्षानुवर्षे काढलेल्या त्या माउलीस प्रशस्त घर जेमतेम वर्षभर लाभले.

नंतर बाबासाहेब राजगृहात राहिले ते मुख्यत्वे ग्रंथांच्या सहवासात. ग्रंथांची संख्या पुढे पन्नास हजारांवर गेली. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलातील मजूरखात्यामुळे त्यांचे वास्तव्य दिल्लीस झाले. तेथेही घराचा प्रश्न त्यांच्या दृष्टीआड नव्हता. कोळसा खाण कामगारांसाठी १९४४ मध्ये जो कल्याण निधी उभारण्यात आला, त्यात घरबांधणीचाही अंतर्भाव होता. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडल्यावर ते अलीपूर रोडवरील बंगल्यात राहू लागले. ६ डिसेंबर १९५६ रोजी तेथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ते घर त्यांच्या मालकीचे नव्हते.

पार्थिव विमानाने मुंबईस आणून राजगृहात ठेवण्यात आले. ७ डिसेंबर रोजी दर्शनासाठी हिंदू कॉलनीत लोटलेल्या जनसमुदायात परळ-भायखळ्याच्या चाळींतून पायी आलेले असंख्य लोक होते. दुपारी तेथूनच अंत्ययात्रा दादर चौपाटीकडे निघाली. राजगृहाच्या तळमजल्यावर त्यांच्या वापरातील वस्तू जपून ठेवलेल्या आहेत, आणि चैत्यभूमीस जाणारे पुष्कळ यात्रेकरू वाट वाकडी करून तेथेही जातात.