हाडांची लिपी आणि राँटजेन

आंब्याच्या हंगामात रत्नागिरी तालुक्यातील पावससारख्या गावात कलमावरून पाय घसरून कुणी पडले, हातावर भार आला आणि मनगट सुजले, की त्याला रत्नागिरीला नेतात. परतताना बरोबर एक मोठे पाकीट असते. त्यात असतो हाडाचा ‘फोटो’. घरातील प्रत्येक जण तो उजेडाकडे धरून पाहतो. पांढरी हाडे सर्वांनाच दिसतात, परंतु मोड कुठे आहे हे सांगता येत नाही. पाहणे आणि वाचणे यांतील हे अंतर क्ष-किरणांच्या जन्मापासूनचे आहे. हे चित्र प्रथम मिळवणारे विल्हेल्म कॉनराड राँटजेन स्वतः डॉक्टर नव्हते. त्यांनी जगाला एक लिपी दिली. ती वाचायला मात्र वैद्यकाला पुढे अनेक वर्षे शिकावे लागले.

राँटजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते आईवडिलांचे एकुलते अपत्य. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब हॉलंडमध्ये स्थायिक झाले. युट्रेख्ट येथील शाळेत कुणा विद्यार्थ्याने शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. ते काढणाऱ्याचे नाव सांगण्यास राँटजेन यांनी नकार दिला आणि त्यांनाच शाळेतून काढून टाकण्यात आले. शालान्त प्रमाणपत्र हातात नसल्याने विद्यापीठांची दारे बंद झाली. प्रवेश परीक्षेच्या बळावर १८६५ मध्ये ते झुरिचच्या तंत्रसंस्थेत दाखल झाले. तेथे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि १८६९ मध्ये झुरिच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

या न मिळालेल्या प्रमाणपत्राने पुढेही त्यांची पाठ सोडली नाही. वुर्झबर्ग विद्यापीठाने याच कारणास्तव त्यांना अध्यापनाचा अधिकार नाकारला. स्ट्रासबुर्ग, होहेनहाइम, गिसेन असा प्रवास करीत १८८८ मध्ये ते त्याच वुर्झबर्गला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून परतले आणि १८९४ मध्ये तेथील कुलगुरूही झाले. ते स्वभावाने अबोल होते. स्वतः मोजून, पुनःपुन्हा पडताळून पाहिल्याखेरीज कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची शिस्त होती.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी सायंकाळी काळ्या कागदाने झाकलेल्या निर्वात नळीतून वीज सोडत असताना त्यांना दूर ठेवलेला रासायनिक लेपाचा पडदा चमकताना दिसला. झाकलेल्या नळीतून प्रकाश बाहेर येणे शक्यच नव्हते. पुढील काही आठवडे त्यांनी स्वतःला प्रयोगशाळेत कोंडून घेतले. कागद, लाकूड, धातू यांतून हे अज्ञात किरण कितपत जातात, हे ते तपासत राहिले. २२ डिसेंबरला पत्नी बेर्टा यांचा हात त्यांनी सुमारे पंधरा मिनिटे छायाचित्रणाच्या पट्टीवर ठेवायला लावला. उमटलेल्या चित्रात बोटांची हाडे होती आणि बोटातील अंगठी होती. जिवंत माणसाचा सांगाडा पाहून बेर्टा हादरल्या, असे सांगतात.

२८ डिसेंबरला त्यांनी आपला शोधनिबंध सादर केला आणि जानेवारी १८९६ च्या पहिल्या आठवड्यातच ही बातमी वृत्तपत्रांतून जगभर गेली. २३ जानेवारीच्या जाहीर व्याख्यानात राँटजेन यांनी वयोवृद्ध शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचे चित्र घेतले. या किरणांना राँटजेन यांचे नाव द्यावे, अशी सूचना कोलिकर यांनी तेथेच केली. राँटजेन यांनी मात्र एकस्व घेतले नाही. शोध सर्वांचा आहे, ही त्यांची भूमिका होती. त्यामुळे नळी आणि वीज उपलब्ध असलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे तंत्र वापरता आले. ३ फेब्रुवारी १८९६ रोजी अमेरिकेतील डार्टमथ येथे बर्फावर घसरून पडलेल्या एका मुलाच्या मोडलेल्या मनगटाचे चित्र घेतले गेले.

येथून खरे शिक्षण सुरू झाले. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी मनगटाजवळच्या अस्थिभंगाचे वर्णन १८१४ मध्येच केले होते, तेही केवळ बोटांच्या स्पर्शावरून. आपल्याकडील जाणते हाडवैद्यही त्याच स्पर्शज्ञानावर विसंबत. आता डोळ्यांना नवे साधन मिळाले, तशा नव्या चुकाही आल्या. लहान मुलांच्या हाडांच्या टोकाजवळ वाढ होणारा कूर्चेचा पट्टा असतो. चित्रात तो काळ्या रेघेसारखा दिसतो आणि नवख्याला मोड वाटतो. निरोगी मुलाचा हात कोणत्या वयात कसा दिसतो, हे ठाऊक असल्याशिवाय दुखापत ओळखता येणार नव्हती. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन पोलंड यांनी १८९८ मध्ये मुलांच्या हातांच्या चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला, तो याच गरजेतून.

एकाच बाजूने घेतलेली सावली फसवते, म्हणून काटकोनातील दुसरे चित्र आवश्यक ठरले. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा सांधाही पाहावा, हाडाची कड अखंड आहे का ते शोधावे, भोवतीची सूज सोडू नये, हे नियम अनुभवातून घडले. सांध्यातील काळी फट ही वस्तुतः पोकळी नव्हे; तेथे चित्रात न उमटणारी कूर्चा असते. फट अरुंद झाली, तर कूर्चा झिजली असे समजावे. क्षयाने ग्रासलेल्या सांध्याभोवतीचे हाड विरळ, फिकट दिसते. मनगटातील नावेच्या आकाराच्या छोट्या हाडाची भेग तर पहिल्या चित्रात पुष्कळदा दिसतच नाही. दुखणे कायम असेल, तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहावे लागते. हाताच्या कष्टावर जगणाऱ्याची ती भेग सुटली, तर त्याचे मनगट कायमचे दुखरे होऊ शकते.

१९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक राँटजेन यांना मिळाले. त्याची रक्कम त्यांनी वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. सरदारकीची उपाधीही त्यांनी नाकारली होती. १९१९ मध्ये बेर्टा गेल्या. महायुद्धानंतरच्या महागाईत त्यांची बचतही नाहीशी झाली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ज्या शोधातून इतरांनी उद्योग उभारले, त्यातून त्यांनी स्वतःसाठी काहीच मिळवले नाही.

आज चित्र क्षणार्धात पडद्यावर येते आणि दूरच्या तज्ज्ञालाही पाठवता येते. तरीही ते वाचणाऱ्याला रुग्ण कसा पडला, कुठे दुखते हे विचारावेच लागते आणि दुखऱ्या जागी बोट ठेवावेच लागते. झाकलेल्या नळीजवळ दिसलेल्या चमकेवर लगेच विश्वास न ठेवता आठवडेच्या आठवडे ती तपासत बसलेल्या राँटजेन यांची शिस्त हीच होती. पावसच्या बागायतदाराचे मनगट पुन्हा कामाला लागते, ते त्या पाकिटातील चित्राइतकेच ते शांतपणे वाचणाऱ्या डोळ्यांमुळे.